उलथापालथ कोणाची, समतोल कोणाचा?

निसर्गात प्रत्येकाची जागा ठरलेली असते, वाघ वाघाचे काम करतो, गिधाड गिधाडाचे, मुंगी मुंगीचे, आणि म्हणूनच सगळे टिकून आहे, हे बोलणे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. कधी निसर्ग शिबिरात, कधी व्हॉट्सअॅपवर, कधी ‘आपली परंपरा आणि पर्यावरण’ अशा एखाद्या व्याख्यानात. ऐकायला ते निरुपद्रवी वाटते. पण व्याख्यान थोडे पुढे सरकले की दुसरे वाक्य येते. आपल्या पूर्वजांनी समाजाची रचनाही अशीच केली होती, गावगाड्यात प्रत्येक जातीला तिचे काम होते, त्यामुळे स्पर्धा नव्हती, समतोल होता. आणि मग तिसरे वाक्य येते, कधी उघडपणे, कधी आडून: हा समतोल ज्यांनी बिघडवला, त्यांनी समाजाचेही नुकसान केले आणि निसर्गाचेही.

तिसऱ्या वाक्यात बोट कोणाकडे आहे हे आपल्याला सांगायची गरज नाही.

या युक्तिवादाला आपले कार्यकर्ते बहुतेक वेळा एकच उत्तर देतात. माणूस म्हणजे जनावर नव्हे, समाजाला निसर्गाचे नियम लावू नका. हे उत्तर बरोबर आहे. पण ते अपुरे आहे, कारण त्यात आपण पहिले वाक्य फुकटात मान्य करून टाकतो. निसर्गात खरोखरच प्रत्येकाची जागा ठरलेली असते का? सहजीवन खरोखरच शांततेतून आणि स्थैर्यातून येते का? परिसरशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे आणि त्याचे उत्तर या व्याख्यात्यांना सोयीचे नाही. ते उत्तर आपल्या तरुणांना माहीत असले पाहिजे, म्हणून हा लेख.

जातीला ‘प्रजाती’ म्हणणारा निबंध

हा युक्तिवाद फक्त व्याख्यानांपुरता असता तर सोडून देता आला असता. पण त्याला विज्ञानाची भाषाही मिळालेली आहे. १९८३ मध्ये माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी भारतीय जातिव्यवस्थेचा परिसरशास्त्रीय अंगाने विचार करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय थोडक्यात असा: जाती आपापसातच लग्ने करतात, म्हणून त्यांची तुलना वेगवेगळ्या प्रजातींशी करता येईल. प्रत्येक जातीचा उपजीविकेचा स्वतंत्र कोनाडा होता. एकाच प्रदेशात राहणाऱ्या जातींनी नैसर्गिक साधने अशी वाटून घेतली होती की त्यांच्यात फारशी स्पर्धा होऊ नये. एखादे साधन पिढ्यानपिढ्या एकाच गटाकडे राहिले, त्यामुळे ते जपून वापरण्याच्या परंपरा तयार झाल्या आणि जातिसमाज हजारो वर्षे स्थिर राहिला. महाराष्ट्रातील फासेपारधी, वैदू, नंदीवाले यांच्या शिकारीच्या वेगवेगळ्या पद्धती हे त्यांच्या अभ्यासातले उदाहरण.

गाडगीळ हे काही मनुस्मृतीचे समर्थक नव्हेत. जंगलावर स्थानिकांचा हक्क असावा म्हणून त्यांनी केलेले काम आणि २०११ चा पश्चिम घाटाचा अहवाल यांची किंमत आपण ओळखतो. फासेपारधी आणि वैदू यांच्याकडे निसर्गाचे ज्ञान होते, हे त्यांचे निरीक्षणही खरे आहे. म्हणूनच हा निबंध आपण गंभीरपणे घ्यायला हवा. चांगल्या हेतूच्या माणसाच्या हातून आलेला चुकीचा दृष्टान्त हा वाईट हेतूच्या माणसाच्या शिवीपेक्षा जास्त काळ टिकतो. आज तो दृष्टान्त मूळ निबंध न वाचलेले लोकच जास्त वापरतात.

या दृष्टान्ताचा पाया काय? सहजीवन म्हणजे प्रत्येकाने आपापल्या कोनाड्यात राहणे, आणि स्थैर्य म्हणजे आरोग्य. हा पायाच तपासून पाहू.

१९१६ सालच्या दोन मांडण्या

१९१६ साली अमेरिकेत दोन महत्त्वाच्या मांडण्या झाल्या. एक फ्रेडरिक क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाची. वनस्पतींचा समुदाय हा एखाद्या सजीव शरीरासारखा असतो, असे त्याचे म्हणणे. तो जन्मतो, वाढतो आणि शेवटी हवामानाने ठरवून दिलेल्या परिपक्व अवस्थेला पोहोचून तिथे स्थिरावतो. आग, वादळ, चराई, शेती ही त्या वाटेवरची विघ्ने. ती दूर ठेवली की समुदाय आपल्या नैसर्गिक पूर्णत्वाला जातो.

दुसरी मांडणी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी परिसंवादात वाचली. ती होती भीमराव आंबेडकरांची, भारतातील जातींविषयीची. जात ही निसर्गतः उगवलेली गोष्ट नाही, ती अंतर्विवाहाच्या सक्तीवर उभी आहे, आणि ती सक्ती टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची यंत्रणा लागते, हे त्या निबंधाचे सार. म्हणजे जिथे स्थैर्य दिसते तिथे ते स्थैर्य कोणत्या बळाने राखले जाते, हे बाबासाहेबांनी पाहिले.

समाजाला शरीर म्हणायची युक्ती आपल्याकडे नवी नाही. पुरुषसूक्तात तोंड, बाहू, मांड्या आणि पाय अशी वाटणी आहेच. बाबासाहेबांनी पुढे शूद्रांविषयीच्या १९४६ च्या ग्रंथात त्या सूक्ताची कठोर तपासणी केली. शरीराचा दृष्टान्त एकदा मान्य केला की पायाने तोंड व्हायची इच्छा धरणे हा रोग ठरतो. या दृष्टान्ताची खुबी हीच आहे.

क्लेमेंट्सच्या मांडणीलाही आव्हान लगेच मिळाले. हेन्री ग्लीसन या त्याच्याच देशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये आणि पुन्हा १९२६ मध्ये सांगितले की समुदाय हे शरीर नाही. प्रत्येक प्रजाती आपल्या वाटेने येते, जिथे जमते तिथे रुजते. आपल्याला जे ‘एकसंध जंगल’ दिसते तो अनेक स्वतंत्र प्रवाशांचा मुक्काम असतो. तेव्हा त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. पण पुढच्या अर्धशतकात जे पुरावे आले ते त्याच्या बाजूचे होते.

तारामासा काढल्यावर काय झाले

आता पुरावे पाहू. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, मकाह या आदिवासी जमातीच्या भूमीवर एक खडकाळ उपसागर आहे. तिथे १९६३ पासून रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. खडकाच्या एका पट्ट्यावरून तो तारामासे उचलून समुद्रात फेकून देई. शेजारचा पट्टा तसाच ठेवी. तारामासा हा शिंपल्यांना खाणारा शिकारी. क्लेमेंट्सच्या चष्म्यातून पाहिले तर शिकारी गेल्यावर बाकीच्यांनी सुखाने नांदायला हवे होते. झाले उलटे. तारामासे काढलेल्या पट्ट्यावर शिंपल्यांनी खडकाची जागा व्यापायला सुरुवात केली आणि १५ प्रजातींचा तो समुदाय ८ वर आला. १९६६ मध्ये पेनने हे प्रसिद्ध केले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. खडकावरची जागा मर्यादित असते. शिंपला हा जागा बळकावण्यात सगळ्यात तरबेज. त्याला अडवणारे कोणी नसले तर तो हळूहळू सगळ्यांना ढकलून देतो. तारामासा शिंपले खातो म्हणजे जागा मोकळी करतो. त्या मोकळ्या जागेत दुर्बळ प्रजातींना पाय ठेवता येतो. तिथले सहजीवन शिंपल्यांच्या समजूतदारपणामुळे टिकले नव्हते. बलवानाची मक्तेदारी सतत मोडली जात होती म्हणून ते टिकले होते.

दुसरा पुरावा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. वेन सूसा याने १९७९ मध्ये किनाऱ्यावरील धोंड्यांवर उगवणाऱ्या समुद्री शैवालांचा अभ्यास मांडला. लहान धोंडे लाटांनी वारंवार उलटतात. त्यांच्यावर लवकर उगवणाऱ्या एकदोन प्रजातीच सापडतात. मोठे धोंडे क्वचितच उलटतात. त्यांच्यावर शेवटी एकाच लाल शैवालाचे राज्य होते. मधल्या आकाराचे धोंडे अधूनमधून उलटतात, आणि सगळ्यात जास्त प्रजाती त्यांच्यावर असतात.

तिसरा पुरावा जोसेफ कॉनेल याचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडची वर्षावने आणि ग्रेट बॅरियर रीफवरील हेरॉन बेटाची प्रवाळे यांचा त्याने वर्षानुवर्षे मागोवा घेतला. वर्षावन आणि प्रवाळ म्हणजे विविधतेची शिखरे. तोपर्यंत समज असा की ही ठिकाणे लाखो वर्षे शांत राहिली म्हणून इतकी समृद्ध झाली. कॉनेलने १९७८ मध्ये सांगितले की वादळे, कोसळणारी झाडे, लाटांचे तडाखे यांनी ती सतत विस्कटली जातात, म्हणून ती समृद्ध आहेत. फार उलथापालथ झाली तर थोडेच जीव तग धरतात. अजिबात झाली नाही तर बलवान बाकीच्यांना संपवतात. मधल्या अवस्थेत सगळ्यात जास्त जीव एकत्र नांदतात. शास्त्रज्ञ याला ‘मध्यम उलथापालथीचे गृहीतक’ म्हणतात.

प्रत्येकाने आपल्या कोनाड्यात राहावे, या सिद्धान्ताला हा मोठा धक्का होता. एकाच जागेसाठी, एकाच प्रकाशासाठी झगडणारे शेकडो जीव एकत्र राहू शकतात, आणि त्यासाठी त्यांनी कामांची कायमची वाटणी केलेली असण्याची गरज नाही. कोणा एकाचा विजय पूर्ण होऊ न देणे हेही पुरेसे ठरू शकते.

भरतपूर: म्हशींना बंदी, बंदुकांना शिलालेख

आता समुद्रकिनारा सोडून आपल्या देशात येऊ. उलथापालथ कशाला म्हणायचे हा प्रश्न इथे शास्त्राचा राहत नाही, सत्तेचा होतो.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पक्षी अभयारण्य सगळ्यांना ऐकून माहीत आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटरची ही पाणथळ जागा मुळात माणसाने घडवलेली आहे. भरतपूरच्या संस्थानिकांनी बंधारे आणि पाट यांच्या मदतीने इथे पाणी खेळवले, ते बदकांच्या शिकारीसाठी. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो याच्या मेजवानीच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. ही लपवायची गोष्ट वाटली नाही. कोणत्या दिवशी कोणत्या साहेबाच्या सन्मानार्थ किती पक्षी पडले, याची यादी तिथे दगडावर कोरून ठेवली आहे. ती आजही वाचता येते.

त्याच पाणथळीत आजूबाजूच्या गावांच्या म्हशी चरत. पाण्यात उतरून गवत खात. त्यांचा शिलालेख कोणी कोरला नाही. स्वातंत्र्यानंतर पक्षी अभयारण्य झाले, १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत नाव गेले, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान होताच चराई बंद झाली. चराई म्हणजे उपद्रव, हे पक्षीतज्ज्ञांनाही तेव्हा उघड सत्य वाटत होते. गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात गावकरी मारले गेले.

पुढे काय झाले हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून बाहेर आले. म्हशी गेल्यावर पाण्यातल्या पॅस्पॅलम नावाच्या गवताला अडवणारे कोणी उरले नाही. मकाह किनाऱ्यावरचा शिंपला तो इथे हे गवत. त्याने उघडे पाणी गिळायला सुरुवात केली. उघड्या पाण्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांची जागा कमी झाली, माशांना त्रास झाला, कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचांना चारा शोधणे कठीण झाले. गवत काढायला बुलडोझरही वापरून पाहिले. शेवटी त्याच गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली. सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तिथे आलेच नाहीत. त्यांच्या नाशाला स्थलांतराच्या वाटेवरची शिकार हे मोठे कारण होते, सगळा दोष चराईबंदीवर टाकता येणार नाही. पण ज्या पक्ष्यांसाठी माणसे मारली त्या पक्ष्यांचेही बंदीने भले झाले नाही, एवढे नक्की.

भरतपूरचे म्हैसपाळ दलितच होते असे नाही. मुद्दा जातीच्या नावाचा नाही. व्यवस्थेच्या नजरेला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा आहे. ४,२७३ पक्षी मारणारी बंदूक ही परंपरा. दूधदुभत्यावर जगणाऱ्याची म्हैस हा उपद्रव. हीच नजर आपल्याला चवदार तळ्यावर भेटली होती. जनावरांनी पाणी प्यायले तर तळे बाटत नव्हते. २० मार्च १९२७ ला माणसांनी ओंजळ भरली तेव्हा त्याच्या शुद्धीकरणासाठी पंचगव्याचे घडे आणावे लागले. कोणाच्या स्पर्शाला बिघाड म्हणायचे हे आधी ठरते, आणि त्याचे शास्त्र मागाहून लिहिले जाते.

बिळिगिरीची आग

दुसरे उदाहरण कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथ डोंगरांचे. तिथले सोलिगा आदिवासी फिरती शेती करत आणि उन्हाळा तापण्यापूर्वी जमिनीवरच्या पालापाचोळ्याला हलकी आग लावत. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. ही आग लवकर लागते, जमिनीलगत सरकते आणि विझते. १९७४ मध्ये अभयारण्य झाले. फिरती शेती संपली, माणसे हलवली गेली, आगीवर बंदी आली. त्यानंतरच्या दशकांत जंगलाचा तळ घाणेरीने भरून गेला. घाणेरी ही मूळची अमेरिका खंडातली. बागेची शोभा म्हणून इंग्रजांच्या काळात भारतात आणलेली. सोलिगांचे म्हणणे असे की त्यांच्या आगी थांबल्या म्हणून घाणेरी माजली.

इथे घाई करू नये. आग हे काही जादूचे औषध नाही. घाणेरी एकदा दाट माजली की ती स्वतःच इंधन होते. मग उशिरा, भर उन्हाळ्यात पेटलेला वणवा झाडांचे शेंडे गाठतो, आणि त्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा घाणेरीच फोफावते. म्हणजे ‘आग चांगली’ आणि ‘आग वाईट’ ही दोन्ही वाक्ये अडाणी आहेत. कोणती आग, कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी, केवढ्या जागेत, आणि लावणाऱ्याला त्या जंगलाचे ज्ञान आहे की नाही, हे प्रश्न खरे. हे ज्ञान सोलिगांकडे होते. सरकारने त्याला गुन्हा ठरवले.

२०११ मध्ये वनहक्क कायद्याखाली सोलिगांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. त्याच वर्षी ते जंगल व्याघ्र प्रकल्पही जाहीर झाले. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने आवळायचा, हा अनुभव मेळघाटातल्या कार्यकर्त्यांना वेगळा सांगायला नको.

कोनाडा की कोंडवाडा?

आता पुन्हा त्या जातीच्या दृष्टान्ताकडे येऊ.

प्रजातीचा कोनाडा आणि जातीचा धंदा यांत मूलभूत फरक आहे. गिधाड मेलेले जनावर खाते, कारण त्याची चोच, त्याचे पोट, त्याची भूक तशी घडली आहे. महाराला मेलेले जनावर ओढावे लागे, कारण त्याने नकार दिला तर गाव बहिष्कार टाके. गिधाडाला कोणी वतन दिलेले नाही आणि गिधाडाच्या पिल्लाला शाळेच्या दाराबाहेर बसवलेले नाही. जी वाटणी टिकवायला काठी लागते, धर्मग्रंथ लागतो, पाणवठ्यावर पहारा लागतो, तिला निसर्गातली वाटणी म्हणणे हा शास्त्राचाही अपमान आहे. तो कोनाडा नव्हता. तो कोंडवाडा होता.

शिवाय साधने ‘वाटून घेतली’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावे की काळीची जमीन कोणाच्या वाट्याला आली आणि गावकुसाबाहेरची कोणाच्या. स्पर्धा नव्हती असे म्हणताना लक्षात घ्या की स्पर्धेतून बाहेर हाकललेल्यांशी स्पर्धा करावीच लागत नाही. शिंपल्यांनी पूर्ण व्यापलेल्या खडकावरही स्पर्धा दिसत नाही. तिथे विलक्षण शांतता असते.

बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या १९३६ च्या भाषणात दाखवून दिले की ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. म्हणून त्यांनी जो कार्यक्रम दिला तो उलथापालथीचा होता. महाडला त्यांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ज्याला इतर लोक ‘आमचा हक्काचा धंदा’ म्हणत होते त्याला त्यांनी गुलामीची साखळी म्हटले. गावगाड्याचा समतोल त्यांनी बिघडवला हा आरोप खरा आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

निसर्गाकडून किती घ्यावे

इथे आपल्याच काही उत्साही मित्रांना थांबवले पाहिजे. निसर्गात उलथापालथीने विविधता वाढते, म्हणून समाजातही क्रांती हाच निसर्गनियम, असे भाषण उद्या कोणी ठोकेल. ते करू नका.

एक तर शास्त्र तिथे थांबलेले नाही. मध्यम उलथापालथीच्या गृहीतकावर मोठा वाद आहे. जेरेमी फॉक्स या शास्त्रज्ञाने २०१३ मध्ये ते सोडूनच द्यावे असे लिहिले, कारण प्रत्यक्ष पाहण्यांत विविधतेचे शिखर मध्यावर सापडेलच असे नाही आणि त्यामागची काही गणिते टिकत नाहीत. केवळ वारंवार विस्कटल्याने सहजीवन होत नाही. विस्कटल्यावर कोणाला पाय रोवायची संधी मिळते यावर ते ठरते, हा आजच्या चर्चेचा रोख आहे.

आणि दुसरे अधिक महत्त्वाचे. आपण न्याय निसर्गाकडून उसना घेत नाही. उद्या एखाद्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले की मुंग्यांच्या वारुळात कडक उतरंड असते आणि तीच यशस्वी ठरते, तर आपण चातुर्वर्ण्य स्वीकारणार का? स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये माणसाने माणसाशी कसे वागावे याविषयीची आहेत. बाबासाहेबांना ती बुद्धाच्या धम्मात सापडली आणि संविधानाच्या उद्देशिकेत ती आपण स्वतःला दिली. शास्त्राचा उपयोग इथे मर्यादित पण मोलाचा आहे. विषमतेच्या समर्थकांनी निसर्गाची जी कुबडी काखेत धरली आहे, ती शास्त्र काढून घेते. चालायचे आपल्याला आपल्याच पायांनी.

गायरानाचा प्रश्न

हा सगळा विचार महाराष्ट्रात आपल्या दारात येऊन उभा राहतो तो गायरानाच्या रूपाने.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरपासून देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले, पण शासन निर्णयाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे हा अपवाद मानता येईल असेही म्हटले. आदेशाचा पहिला भाग कार्यालयांच्या लक्षात राहतो, दुसरा विसरला जातो. दोन एकर कसणाऱ्या भूमिहीनाच्या दारात नोटीस येते ‘अतिक्रमण’ म्हणून. तेच गायरान कंपनीच्या शेडसाठी किंवा सौर प्रकल्पासाठी कुंपण घालून दिले की त्याला ‘विकास’ म्हणतात.

पण इथे आपल्यालाही एक अवघड गोष्ट समजून घ्यावी लागेल. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर पट्ट्यातली माळराने सरकारी कागदांवर ‘पडीक’ असली तरी ती मेलेली नाहीत. काळवीट, लांडगा, माळढोक, तणमोर हे या गवताळ रानाचे रहिवासी आहेत, आणि मेंढपाळ धनगरांचे जगणेही त्याच रानावर आहे. हे गवत चराईबरोबर वाढले आहे. वरून खुडले तरी मुळांतून पुन्हा फुटते. त्यावर खड्डे खणून एकाच जातीची झाडे लावणे म्हणजे माळाचा जीव घेणे. वृक्षारोपणाचे फोटो छान येतात, माळ मरतो. पण नांगरणीही चराईसारखी नाही. नांगर मुळे उपटतो, आणि जुना माळ एकदा फिरला की सहजी परत येत नाही. म्हणून भूमिहीनाच्या हक्काचा पाया परिसरशास्त्रात शोधू नका. तो सामाजिक न्यायात आहे. आणि त्या न्यायाची मागणी फक्त गायरानापुरती आखडून घेऊ नका. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातून सुटलेल्या, बेनामी करून लपवलेल्या बागायती जमिनींचा हिशेब आधी मागा. भूमिहीनाला माळाचा तुकडा आणि धनगराला चराईबंदी देऊन दोघांना झुंजवायचे आणि काळी जमीन शाबूत ठेवायची, हा डाव जुनाच आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

आपल्या गावात जैवविविधता कायदा २००२ खाली जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती कागदावर आहे की प्रत्यक्षात, तिच्यावर कोण बसले आहे, लोकांच्या ज्ञानाची नोंदवही कोणाला विचारून भरली, हे ग्रामसभेत विचारा. त्या नोंदवहीत वैदू, पारधी, धनगर, महादेव कोळी, कातकरी यांचे ज्ञान त्यांच्या नावाने जाईल आणि त्याचा लाभ त्यांना मिळेल हे पाहा. पण त्याच ज्ञानाचे कौतुक करून त्यांना त्या धंद्यात डांबण्याचा डाव आला तर तो हाणून पाडा. पारध्याच्या मुलीला तित्तिराची चाल कळते ही अभिमानाची गोष्ट आहे. तिने पक्षीशास्त्रात पीएचडी करावी ही आपली मागणी आहे.

वनखात्याच्या फलकावर ‘मानवी हस्तक्षेपास बंदी’ असे लिहिलेले दिसले की विचारा, कोणता मानव? रिसॉर्टवाला की मोहफूल वेचणारी? चराईबंदी, कुऱ्हाडबंदी लागू होते तेव्हा त्याआधी कोणता अभ्यास झाला, ते माहितीच्या अधिकारात मागा. आणि विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलामुलींनी परिसरशास्त्राकडे वळा. हे क्षेत्र आजवर सुट्टीत जंगल पाहायला जाणाऱ्यांच्या हातात राहिले. ज्यांच्या घरात पाणी, जमीन आणि चारा हे जगण्यामरण्याचे प्रश्न होते, त्यांच्या मुलांनी ते हाती घेतले तर शास्त्राचे प्रश्नच बदलतील.

समतोल हा शब्द कोणी उच्चारला की आधी विचारायचे: कोणासाठी, आणि कोणत्या बळावर? उत्तर मिळेपर्यंत आम्ही उलथापालथ करणारे म्हणूनच ओळखले जाऊ. हरकत नाही.

जय भीम!